परवानगीच्या पुस्तकात नसलेला गवंडी

अन्याय कुणावर झाला ते आधी सांगतो, म्हणजे पुढं वाचायचं की नाही ते तुम्हाला ठरवता येईल. अन्याय झाला तो अक्कलकोटकडच्या एका गवंड्यावर. रथसप्तमीच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, गिरणीचा सातचा भोंगा होऊन गेल्यावर, सोलापुरात एका विणकराच्या दारात. त्याला ठरवून दिलेलं काम दुसऱ्यानं सुरू केलेलं होतं आणि ते त्याला तिथं उभं राहून बघावं लागलं. हे कुणी केलं म्हणाल तर नगरपालिकेनं केलं असं सांगणं मला सोपं गेलं असतं. पत्रकं लिहिणाऱ्या माणसाला दोषी चटकन सापडतो, तशी सवयच लागलेली असते. पण ते खोटं ठरेल. ते मी केलं.

मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. छापखान्यात खिळे जुळवायचो आणि उरल्या वेळात पत्रकं लिहायचो. नळाला पाणी का नाही, गटार कुणाच्या दारावरून वळवलं आणि का वळवलं, शाळेचे पत्रे उडाले ते कुणी बसवायचे. एका पत्रकापायी मालकाला कुणीतरी बोलावून समज दिली, आणि मालकानं दुसऱ्या दिवशी माझ्या हातातली खिळे जुळवायची पट्टी घेतली आणि मला कामावरून काढलं. बरोबर ओरडणारे चार मित्र होते, ते एकेक करून मुंबईला आणि पुण्याला गेले. घरून येणारी पत्रं त्याआधीच थांबली होती. बाळीवेशीच्या आत एका बोळात माझी खोली होती. असे दिवस गेले आहेत की ज्या दिवशी मी तोंडातून काढलेले शब्द खाणावळवाल्याला म्हटलेले दोनच, "अजून एक." ज्यानं चौकाचौकात गळा फोडला त्याला बोलायला माणूस नसावं याचा मला संताप यायचा. संताप तरी कुणावर काढणार? खोलीत होतं कोण?

मग घरमालकानं माझ्या खोलीत एक भाडेकरू घातला. मंगळवेढ्याकडचा गवंडी, पन्नाशीच्या पुढचा, कमरेत जरा वाकलेला. त्या भागात दोन वर्षं पाऊस नव्हता. पाऊस नसला की तिकडं घर कोण बांधतो? म्हणून थापी, ओळंबा आणि एक घोंगडी घेऊन तो सोलापुरात आला होता. मी त्याला मामा म्हणू लागलो. तो मला मास्तर म्हणायचा. मी कधी शाळेत शिकवलं नाही, पण वाचता येणारा तो मास्तर असा त्याचा हिशेब.

मामा रोज उजाडता नाक्यावर जाऊन उभा राहायचा. गवंडी, सुतार, चुना मळणाऱ्या बाया, सगळे तिथंच उभे असायचे. लोक यायचे, ओळखीचा गवंडी घेऊन जायचे. ऊन डोक्यावर आलं की मामा थापी फडक्यात गुंडाळून परत.

"आज काय झालं?"

"काय व्हायचंय? ह्या गावात मला वळखतंय कोन, मास्तर? माझं काम बगायचं तर माझ्या गावाला जावं लागंल, आन गावाला जाऊन काम बगून कोन येनार हाय?"

महिनाअखेरपर्यंत काम मिळालं नाही तर तो परत जाणार होता. परत जाऊन करणार काय, ते त्यालाही माहीत नव्हतं. आणि तो गेल्यावर मी काय करणार, हे मी त्याला सांगितलं नाही. खोलीत दुसऱ्या माणसाचा खोकला ऐकू यायची मला सवय झाली होती.

तेव्हा मला ते पुस्तक आठवलं. नगरपालिकेच्या कचेरीत बाहेर एक पाटी होती, की बांधकामाच्या परवानग्यांचं पुस्तक अमुक दोन वारी दुपारी कुणालाही पाहता येईल. सोलापुरात कुणीही भिंत घालायची तर आधी अर्ज, मग परवानगी, मग त्या पुस्तकात नोंद. म्हणजे गावात उद्या काय बांधलं जाणार ते आज लिहून ठेवलेलं! नाक्यावर उभं राहून वाट बघण्यापेक्षा दारातच जाऊन का उभं राहू नये?

कारकुनानं चष्म्यावरून बघितलं. "पुस्तक कशाला पाहिजे?"

"बघायला."

"तुमचं घर आहे?"

"नाही."

"शेजाऱ्यानं तुमच्या हद्दीत भिंत घातली?"

"नाही."

"मग हे काय वर्तमानपत्र आहे का हो, चहा पीत वाचायला?"

"बाहेर पाटी आहे. कुणालाही पाहता येईल."

"पाटी जुनी आहे."

"मग काढून टाका. काढेपर्यंत मी कुणीही आहे."

पुस्तक मिळालं. त्या दिवशी मी जिंकलो म्हणून स्वतःवर खूष होतो. मामाशिवाय ते सांगायला कुणी नव्हतं म्हणून त्यालाच तीनदा सांगितलं. मी पेन्सिलीनं उतरवून घ्यायचो. पेठ, घर नंबर, अर्जदार, काम. न्हाणीची भिंत. माळवद उतरवून पत्रे घालणे. ओटा. जिना. कोण माडी चढवतोय, कोण दुकानाचं दार रुंद करतोय, सगळं मला कळू लागलं. रस्त्यानं जाताना मी घरं ओळखायचो. घरातलं माणूस एकही ओळखत नव्हतो.

चौथ्या प्रहरी आम्ही निघायचो. पुढं मी कागद घेऊन, मागं मामा. पहिल्याच घरात घात झाला. दारात एकजण पान खात बसला होता. मी म्हटलं, "आपल्या अंगणात मधोमध भिंत घालायची परवानगी निघालीय, त्यासाठी गवंडी आणलाय."

"मधोमध?" त्यानं पान थुंकलं. "आमच्या अंगणात? कुणी मागितली परवानगी?"

मी कागद बघून अर्जदाराचं नाव वाचलं. ते त्याच्या धाकट्या भावाचं निघालं. आतून धाकटा धावत आला, त्याच्यामागं दोघांच्या बायका आल्या, आणि वाटणी व्हायची होती ती आमच्या डोळ्यांदेखत तोंडानं होऊन गेली. थोरला धाकट्याला सोडून माझ्यावरच आला. "तू कोण बे आमच्या घरात भिंत घालणारा? निघतोस का घालू?"

बोळातून बाहेर पडल्यावर मामा इतका हसला की त्याला भिंतीला टेकावं लागलं. "मास्तर, भित बांधायच्या आदीच पाडली की वो तुमी!"

मीही हसलो. किती दिवसांनी, ते आठवत नाही.

पुढच्या घरी मला घरपट्टी वाढवायला आलेला समजून बाईनं दार लावलं. तिसऱ्या घरी म्हातारा म्हणाला की गवंडी ठरलाय, कामाचा शब्द म्हणून त्याच्या हातावर सुपारी दिलीय. मामानं लगेच हात जोडले आणि वळला. मला राग आला. वाटेत मी विचारलं, एवढ्या लवकर का सोडलं?

"सुपारी दिल्यावर काम त्या गवंड्याचं. आपुन दारात गेलं की पयलं त्येच इचारायचं, सुपारी कुनाला दिलीय का. मग बाकीचं."

"लिहिलंय कुठं हे?"

"लिवायला कशाला पायजे? आसतंच की तसं."

आता मी तिथं रस्त्यात उभं राहून त्याला काय ऐकवलं ते लपवत नाही. मी म्हटलं, ही सुपारी म्हणजे नाक्यावरच्या लोकांनी आपापसात कामं बांधून घ्यायची युक्ती आहे. म्हणूनच तुम्ही रिकामे बसलाय. तुम्हाला इथं कोण सुपारी देणार? पुस्तकात गवंड्याचं नाव नाही, म्हणजे काम मोकळं आहे. कागद खरा. यापुढं विचारायचं नाही.

मामानं थापीवरचं फडकं सारखं केलं. मग म्हणाला, "तुमी शिकल्याली मानसं." त्याला पटलं असं मला वाटलं. ते पटणं नव्हतं.

बुधवारी आम्ही त्या विणकराच्या दारात गेलो. तेलुगू घर. आत माग चालू होते, धोट्याचा आवाज बोळापर्यंत येत होता. मी मोठ्यानं घर नंबर वाचला आणि दोन्ही माग थांबले. मालक हात पुसत बाहेर आला, त्यानं माझ्या हातातला कागद बघितला आणि म्हणाला, "या साहेब."

मी वाचलं, "पश्चिमेला मागासाठी खोली, दगड-चुन्याची, वर पत्रे."

"व्हय, तसंच लिहून दिलंय. काय चुकलं का साहेब?"

"काही चुकलं नाही. हा गवंडी आणलाय."

"तुम्ही आणला?"

"हो."

तो मामाकडं बघत राहिला. "म्हणजे हेच करणार?"

"हेच करतील."

मामानं घसा खाकरला. "मालक, येक इचारू का..."

मी त्याच्या कोपराला हात लावला. तो थांबला. मालकानं आतून खुर्ची आणवली आणि मी तिच्यावर बसलो. छापखान्यातून निघाल्यापासून मला कुणी खुर्ची दिली नव्हती. साहेब तर आयुष्यात कुणी म्हटलं नव्हतं. मी साहेब नाही, हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पत्रकात मी सरकारला अशी पन्नास वाक्यं ऐकवली आहेत. हे एक माझ्या तोंडून निघालं नाही.

दुसऱ्या दिवशी काम सुरू झालं. पाया आधीच खणून भरलेला होता. मामानं तो पायानं दाबून बघितला. "कुनी भरलाय? हात चांगला हाय." मी म्हटलं, घरच्यांनीच केला असेल. त्यानं माझ्याकडं बघितलं, पण पिशवीतून दोरी काढली. दोरी लावायला दोन माणसं लागतात. एकानं एक कोपरा धरायचा, दुसऱ्यानं दुसरा, आणि ताणून धरून थर सरळ जातो की नाही बघायचं. दुसरं टोक मी धरलं. "ढिली सोडू नका मास्तर. हां. आता वाईच खाली." लिंबाखाली बसून आम्ही भाकरी खायचो. आतून माग ऐकू यायचे. मामा प्रत्येक दगड हातात फिरवून बघायचा, त्याचं तोंड कोणतं ते ठरवायचा आणि मग ठेवायचा. रविवार संध्याकाळपर्यंत तीन थर झाले. तेवढे चार दिवस मी एकटा नव्हतो. हे चार दिवस मी दुसऱ्याच्या ताटातून उचलले होते, ते मला माहीत नव्हतं.

सोमवारी सकाळी आम्ही दोरी ताणून उभे होतो. बोळाच्या तोंडाशी एक तरुण माणूस दिसला. हातात फडक्यात गुंडाळलेली थापी. त्याच्यामागं बायको, तिच्या पदराखाली तान्हं मूल, आणि पायाशी पत्र्याची पेटी. तो दोरीपर्यंत आला, दोरीला हात न लावता तिच्या बाजूनं तीन थर बघत गेला.

"अण्णा, ही दोरी कुनाची?"

"माजी," मामा म्हणाला.

"सुपारी तुमाला कवा दिली?"

मामा माझ्याकडं बघायला लागला. तेवढ्यात मालक बाहेर आला आणि त्या तरुणाला बघून जागच्या जागी थांबला.

"अरे, मी काय करू? नगरपालिकेचा साहेब कागद घेऊन आला. परवानगीबरोबर गवंडीबी तेच पाठवायलेत असं वाटलं मला. नाही म्हटलं तर परवानगी काढून घेतील की!"

तिघंही माझ्याकडं बघत होते.

"मी नगरपालिकेचा नाही," मी म्हटलं.

"मग कोण?" मालकानं विचारलं. तो रागावून विचारत नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं. मी दोरीचं टोक खाली ठेवलं.

त्या तरुणाची हकीकत मालकाच्या बोलण्यातूनच कळली. तो अक्कलकोटकडचा, पाया त्यानंच भरला होता. काम पावसाळ्यापर्यंत पुरेल, तोवर मागल्या पडवीत राहा, असं मालकानं त्याला सांगितलेलं. म्हणून तो सासुरवाडीला जाऊन बाळंतीण बायकोला घेऊन त्याच सकाळच्या गाडीनं उतरला होता.

मामानं दोरी गुंडाळायला घेतली. "मालक, ह्येंचं काम ह्येंना द्या. मी निगालो."

"व्हय, तूच कर की बाबा," मालक त्या तरुणाला म्हणाला. "थांब."

त्या तरुणानं धोतराच्या गाठीतून सुपारी काढून दगडाच्या ढिगावर ठेवली. "दुसऱ्याची दोरी लागल्याली भित आमी उचलत न्हाई." बायकोनं त्याला कानडीत काहीतरी विचारलं. त्यानं एका शब्दात उत्तर दिलं, पेटी उचलली आणि दोघं वळली. मूल रडत नव्हतं. रडलं असतं तर बरं झालं असतं, निदान कुणीतरी काहीतरी केलं असतं.

मामानं तीनही थर आपल्या हातांनी उतरवले. चुना खरवडून एकेक दगड साफ केला आणि रचून ठेवला. मालक हात जोडत होता, आता तरी तुम्ही पुरं करा म्हणत होता. मामा दगड रचत राहिला. मी दगड वाहू लागलो तेव्हा म्हणाला, "ऱ्हाऊ द्या."

मंगळवारी तो नाक्यावर गेला. गोष्ट त्याच्या आधीच पोचली होती. कुणी भांडलं नाही, कुणी शिवी दिली नाही. तो उभा राहिला तिथून बाकीचे चार पावलं सरकले, एवढंच. एका मुकादमानं सरकारी कामावर चार गवंडी मागितले, त्यात मामाला घेतलं, तर उरलेल्या तिघांतला कुणी त्याच्या दोरीचं दुसरं टोक धरायला तयार होईना. एकट्यानं दोरी धरता येत नाही. तो परत आला. घोंगडी गुंडाळली.

मी म्हटलं, मी नाक्यावर येतो, सगळ्यांना सांगतो की चूक माझी होती.

"नगं. तुमी बोलाय लागला की लोक जमत्यात. तमाशा हुतोय." मग दारात थांबून तो म्हणाला, "तुमी वंगाळ न्हाय, मास्तर. पर तुमी मला इचारू दिलं न्हाय."

तो मंगळवेढ्याच्या वाटेला लागला. मी वेशीपर्यंत गेलो. त्यानं मागं वळून बघितलं नाही. त्या खोलीत मग किती दिवस काढले ते सांगण्यासारखं नाही. मी मोठ्यानं वाचायचो, आवाज यावा म्हणून.

तो तरुण गवंडी कुर्डुवाडीला रेल्वेच्या कामावर लागलाय असं नाक्यावर एकानं तोंड फिरवून सांगितलं. मी गाडीनं गेलो. तो एका नव्या भिंतीवर बसून सांधे भरत होता. मला बघून त्याची थापी क्षणभर थांबली.

"काय साहेब, मी हितं हाय म्हणून कंच्या पुस्तकात लिवलंय?"

शेजारचे दोघं हसले. मी खाली उभा राहून जे सांगायचं ते सांगितलं. चूक माझी होती, मामाची नव्हती, विणकराची नव्हती. तो ऐकत होता की नाही कळलं नाही. मी विचारलं, बाळ कसं आहे? "हाय," म्हणाला. त्यानं पुढचा सांधा भरायला घेतला. मी म्हटलं, मी हे लिहिणार आहे, छापणार आहे.

"लिवा. पर माझं नाव घालू नका." मग भिंतीकडं तोंड करून म्हणाला, "पायजे हुतं तवा कागदात न्हवतं. आता कशाला?"

म्हणून या लिहिण्यात कुणाचं नाव नाही.

परत आल्यावर मी त्याच कारकुनापुढं जाऊन उभा राहिलो. भांडायलाच गेलो होतो. म्हटलं, तुमच्या पुस्तकात मालक आहे, पेठ आहे, नंबर आहे, पत्रेसुद्धा आहेत. भिंत ज्याच्या हातानं उभी राहणार तो कुठं आहे?

"तो रकाना नाही," तो म्हणाला.

"का नाही?"

त्यानं चष्मा काढला. वीस वर्षं ते पुस्तक लिहिणारा माणूस. "कुणी मागितलाच नाही. अर्जदारानं अर्जात लिहिलं तर मी शेऱ्यात उतरवून घेईन, मला काय? पण आजवर एकानंही लिहिलेलं नाही. तुम्ही पुस्तक उघडं पाहिजे म्हणून भांडलात. त्यात काय असावं ते नाही विचारलंत."

मला त्याच्याविरुद्ध पत्रक लिहिता आलं नाही. तेव्हापासून पुस्तक बघायला पुष्कळजण येतात. मुकादम येतात, ठेकेदारांची माणसं येतात, माझ्यासारखीच पेन्सिल घेऊन नंबर उतरवून नेतात आणि मी गेलो तशीच दारोदार जातात. ते थांबवावं असं माझं म्हणणं नाही. पुस्तक उघडंच राहिलं पाहिजे. पण ते वाचणाऱ्याला कळलं पाहिजे की या घरात कुणाला तरी शब्द दिलेला आहे.

आता तुमच्याशी. हा कागद वाचणाऱ्यांत कुणीतरी यंदा भिंत घालणार आहे, माडी चढवणार आहे, नाहीतर न्हाणी बांधणार आहे. तुम्ही गवंडी ठरवला असेल तर अर्ज देताना आपल्या सहीखाली त्याचं पुरतं नाव आणि गाव लिहा. जागा नसली तर समासात लिहा. पुस्तकात ते उतरलं की नाही, पुस्तक उघडं असतं त्या दुपारी स्वतः जाऊन डोळ्यांनी बघा, आणि उतरलं नसेल तर ते उतरेपर्यंत कारकुनाच्या पुढून हलू नका.